दुसऱ्याची ठेव

एस्लिंगेन हे स्टुटगार्टला लागून असलेलं, नेकार नदीकाठचं गाव. तिथल्या स्टेशनसमोरच्या एका कॅफेत २०१६च्या जानेवारीत मी आमच्या पहिल्या जर्मन माणसाची मुलाखत घेतली. पंचेचाळिशीचा, शांत बोलणारा, यंत्रदुरुस्तीत सोळा वर्षं काढलेला माणूस. पगाराच्या आकड्यावर घासाघीस होईल म्हणून मी तयारी करून गेले होते. आकड्यावर तो दोन मिनिटं बोलला असेल. मग त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि लिहून आणलेले प्रश्न विचारले. पगार पुण्याची कंपनी देणार की इथली? महिन्याच्या कोणत्या तारखेला? विम्याचे आणि पेन्शनचे हप्ते कोण भरणार, आणि त्यांचा फोन नंबर मला मिळेल का?

भोसरीत आमच्याकडे नवा मुलगा कामाला येतो, तेव्हा आत पाऊल टाकण्याआधी गेटसमोरच्या टपरीवर एखाद्या जुन्या माणसाला गाठतो आणि हळूच विचारतो, "हितं पगार टायमावर होतो का?" तोच प्रश्न इतक्या लांब, दुसऱ्या भाषेत, सरळ मालकिणीलाच विचारलेला मी पहिल्यांदा ऐकला.

आमचा कारखाना सासऱ्यांनी सुरू केलेला. गाड्यांच्या सुट्या भागांतून हवा गळते का, हे तपासणारी यंत्रं आम्ही बनवतो. माणसं साठ. यंत्रांचं सगळं दीर बघतात. हिशेब, पगार आणि माणसं माझ्याकडे. जुने कामगार मला वहिनी म्हणतात, नवे मॅडम. स्टुटगार्ट परिसरातल्या एका गिऱ्हाइकानं आमची चार यंत्रं घेतली आणि अट घातली, की यंत्र बंद पडलं तर चोवीस तासांत माणूस हजर पाहिजे. पुण्याहून पाठवायचा तर व्हिसातच आठवडे जाणार. म्हणजे माणूस तिथलाच हवा, आणि त्याला नीट ठेवायचं तर तिथं कंपनी काढलेली बरी, असा सल्ला मिळाला.

कंपनी काढण्याबद्दल फार लिहीत नाही. भांडवल किमान २५,००० युरो, त्यातलं निम्मं नोंदणीआधी खात्यात असावं लागतं. इकडून पैसे पाठवायचे ते रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली, अधिकृत बँकेमार्फत; दरवर्षी तिकडच्या कंपनीचा अहवाल द्यायचा. हे आमच्या सीएंनी निभावलं. एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. तिथला नोटरी दस्त पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवतो. ज्याला जर्मन येत नाही त्याच्यासाठी दुभाषी बसवतात. 'इथे सही, इथे सही' म्हणत भराभर उलटली जाणारी पानं आयुष्यभर पाहिलेली मी, दीड तास एकेक कलम ऐकत बसले. संचालक म्हणून माझं नाव लागलं. त्याचा खरा अर्थ मला पुढे ऑक्टोबरमध्ये कळला.

जानेवारीत हो म्हणालेला माणूस कामावर आला १ जुलैला. आधीच्या कंपनीशी त्याचा करार तीन महिन्यांच्या नोटिशीचा, आणि तीही तिमाहीच्या अखेरीलाच संपणारी. आम्ही चरफडलो. गिऱ्हाईक थांबलेलं, आणि हा शेवटच्या दिवसापर्यंत जुन्या मालकाचं काम करतोय. आज मला वाटतं, ते पाहूनच आम्ही ओळखायला हवं होतं की माणूस योग्य निवडला आहे.

रुजू होताना त्यानं तीन गोष्टी दिल्या: अकरा आकडी करक्रमांक, सामाजिक विम्याचा क्रमांक आणि त्याच्या आरोग्य विमा संस्थेचं नाव. पगारपत्रक करून देणाऱ्या करसल्लागार बाई त्याच गावातल्या. त्यांच्या फॉर्ममध्ये धर्माचा रकाना होता. मी चमकले. नोकरी देताना धर्म कशाला विचारायचा? त्यांनी सांगितलं, चर्चचा सभासद असेल तर त्याच्या आयकरावर चर्चचा कर बसतो, त्या राज्यात आयकराच्या ८ टक्के, आणि तो कापून सरकारकडे पोचवायचं काम मालकाचं. म्हणजे देवाघरची वर्गणीसुद्धा पगारातून, आणि ती वेळेवर पोचवण्याची जबाबदारी माझी.

पगार ठरला होता महिना ४,००० युरो. तिथे बोलतात तो आकडा 'ब्रुटो', म्हणजे कापण्याआधीचा. हातात पडतो तो 'नेटो'. त्या वर्षीचे दर मला अजून पाठ आहेत. आरोग्य विमा १४.६ टक्के, पेन्शन १८.७, बेकारी विमा ३ आणि म्हातारपणातल्या शुश्रूषेचा विमा २.३५. यातलं निम्मं, आणि वर थोडा जादा हप्ता, त्याच्या पगारातून कापायचं, निम्मं आम्ही वरून घालायचं. आमच्या वाट्याला आले ७७३ युरो. त्याखेरीज अपघात विमा सगळाच मालकाचा, शिवाय आजारपण आणि बाळंतपणासाठीच्या निधीचे छोटे हप्ते. आम्हाला तो पावणेपाच हजारांच्या वर पडत होता. आणि त्याच्या हातात? तो एकटा राहणारा, म्हणून कर जास्त. कंपनीची गाडी घरीही वापरायचा, म्हणून गाडीच्या छापील किमतीचा एक टक्का दरमहा उत्पन्नात धरून त्यावरही कर. सगळं वजा जाता अडीच हजारांच्याही खाली.

पहिली पगारचिठ्ठी पाहून दीर म्हणाले, "वहिनी, आपण देतोय त्यातलं निम्मंच याला मिळतंय. मधले पैसे जातात कुठं?" मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. मधले पैसे म्हणजे गळती, अशीच आमची समजूत. आम्ही गळती शोधण्याची यंत्रं बनवणारी माणसं. पण ती गळती नव्हती, हे समजायला मला चार महिने लागले.

हप्त्यांची तिथली रीत अशी. ते सगळे एकाच ठिकाणी भरायचे, कामगारानं निवडलेल्या आरोग्य विमा संस्थेकडे. पेन्शनचे आणि बेकारी विम्याचे पैसे ती पुढे पोचवते. भरण्याची मुदत असते महिन्याच्या शेवटून तिसऱ्या बँक-दिवसाची. म्हणजे महिना संपलेला नाही, पगारही झालेला नाही, तरी हप्ते आधी. आकडा पक्का नसेल तर अंदाजानं भरायचे आणि फरक पुढच्या महिन्यात मिटवायचा. आमच्याकडे पगार झाल्यावर पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरतात. तिथे क्रमच उलटा.

२०१६ची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस होती. तिकडच्या कंपनीला अजून गिऱ्हाइकाचे पैसे सुरू झाले नव्हते, दर तिमाहीला आम्ही पुण्याहून रक्कम पाठवत होतो. त्या वेळी आमच्या बँकेनं ऐनवेळी आणखी एक कागद मागितला आणि रक्कम अडकली. २७ ऑक्टोबरला, गुरुवारी, मी घरी चकलीच्या भाजणीत हात घालून बसले होते, तेव्हा करसल्लागार बाईंचा फोन आला. आज हप्त्यांचा शेवटचा दिवस, आणि गाडीचा हप्ता गेल्यावर खात्यात उरले होते अकराशे युरो.

मी म्हटलं, चार-पाच दिवसांत पैसे येतील, तेव्हा पगार आणि हप्ते एकदम करू. दंड पडला तर भरू.

त्या काही क्षण बोलल्या नाहीत. मग अगदी सावकाश, मला समजावं म्हणून सोप्या इंग्रजीत बोलल्या. पगार उशिरा होणं वाईट आहे, पण ते तुमच्या दोघांतलं आहे, त्याच्याशी बोला. तुमच्या वाट्याचे हप्ते उशिरा गेले तर महिन्याला एक टक्का जादा आकार पडेल. पण कामगाराच्या वाट्याचे हप्ते थांबवणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे. कंपनीचा नव्हे, तुमचा स्वतःचा. संचालक तुम्ही आहात. शिक्षा पाच वर्षांपर्यंतची आहे. आणि मग त्यांनी जे वाक्य उच्चारलं ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. त्या म्हणाल्या, ते पैसे तुमचे नाहीतच, ते फक्त तुमच्या खात्यातून जातात.

पुढे त्यांनी रस्ताही दाखवला. अकराशे भरा, आणि भरणा करताना लिहून द्या की यातून आधी कामगाराचा वाटा जमा धरावा. त्याचा वाटा साधारण आठशे तीस होता. तेवढा पूर्ण गेला, उरलेले आमच्या वाट्यात जमा झाले. हात धुऊन मी त्याला फोन केला आणि पगार चार-पाच दिवस उशिरा होईल म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "घराचा हप्ता १ तारखेला जातो. या वेळी मी भागवीन. पण असं होणार असेल तर मला दहा दिवस आधी कळवा." आवाज चढला नाही. पैसे ४ नोव्हेंबरला पोचले.

त्या दिवाळीत मला राहून राहून आमच्या एका फिटरमामांची आठवण येत होती.

२००९च्या मंदीत आमची बिलं तीन-तीन महिने तटली होती. पोलाद देणारा दारात उभा. तेव्हा सलग तीन महिने आम्ही कामगारांच्या पगारातून पीएफ कापला आणि भरला नाही. ते पैसे पोलादात गेले. मनात एकच विचार: धंदा टिकला तर माणसं टिकतील, नंतर व्याजासकट भरू. भरलेही, व्याज आणि दंडासकट. पण मधल्या काळात मामांच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नासाठी पीएफमधून रक्कम काढता येते. त्यांनी फॉर्म भरून माझ्याकडे सहीला दिला. फॉर्म पुढे गेला असता तर आमची थकबाकी उघडी पडली असती, या भीतीनं मी तो टेबलाच्या खणात ठेवला. मामा दोनदा विचारून गेले. मी दोन्ही वेळा 'ऑफिसात गर्दी आहे' म्हणाले. शेवटी त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि लग्न पार पाडलं. मला पत्रिका दिली, मी गेले, अक्षता टाकल्या, जेवले. मामा पंगतीत आग्रह करत होते.

कायदा आपल्याकडेही हेच म्हणत होता. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ मालकाकडे विश्वासानं सोपवलेली रक्कम धरली जाते आणि ती न भरणं म्हणजे फौजदारी विश्वासघात. भारतीय दंड संहितेच्या ४०५ कलमाच्या स्पष्टीकरणात तसं लिहिलेलं होतं. मला ते ठाऊक होतं. आमच्या सीएंनी तेव्हा बजावलंही होतं. पण आमच्या औद्योगिक वसाहतीत अडचणीच्या काळात सगळेच असं करतात, आणि नंतर भरतात, म्हणून ते कुणाला चोरीसारखं वाटत नाही. मराठीत यासाठी जुना, नेमका शब्द आहे: ठेव. शेजारणीनं गावाला जाताना दागिन्यांचा डबा आपल्याकडे ठेवला, तर अडीनडीला तो गहाण टाकून नंतर सोडवून आणू, असं कुणी म्हणणार नाही. कापलेल्या पीएफच्या बाबतीत मात्र आम्ही तेच केलं होतं.

नोव्हेंबरमध्ये मी मामांना केबिनमध्ये बोलावलं आणि त्या फॉर्मचं खरं काय झालं ते सांगितलं. सात वर्षं झाली होती. ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, "मला ठावं होतं वहिनी. खण अर्धा उघडा होता." आणि उठून मशीनवर गेले. त्यांनी मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. विचारण्याचा मला हक्क नव्हता.

त्यानंतर आम्ही एस्लिंगेनच्या खात्यात तीन महिन्यांचा पगार आणि हप्ते एवढी रक्कम वेगळी टाकली. तेव्हाच्या दरानं ती दहा लाख रुपयांच्या वर जात होती, आणि आमच्यासारख्या कारखान्याला दहा लाख पाडून ठेवणं सोपं नाही. दीर कुरकुरले. एवढ्यात एक जुनं लेथ बदलून झालं असतं, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. तरी ती रक्कम आजवर कशालाही हात न लावता तिथे आहे.

पुढच्या फेब्रुवारीत तो आजारी पडला. सकाळी कामाच्या वेळेआधी फोन आला, मग डॉक्टरची पिवळी चिठ्ठी. चिठ्ठीवर अमुक तारखेपर्यंत कामास असमर्थ, एवढंच. आजाराचं नाव नाही. ते विमा संस्थेकडे जाणाऱ्या प्रतीवर असायचं, मालकाच्या प्रतीवर नसायचं. मी काळजीनं विचारायला निघाले होते, काय झालंय, कुठला दवाखाना. करसल्लागार बाईंनी थांबवलं. बरं वाटो म्हणा, पण आजार विचारू नका. तो सांगायचा की नाही ते त्याचं. तो तीन आठवडे घरी होता. सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मालकानं द्यायचा, त्यापुढे विमा संस्था. छोट्या कंपनीला मात्र त्या आजारपणाच्या निधीतून, ज्याचे हप्ते मला फुकटचे वाटत होते, पगाराचा मोठा भाग परत मिळतो. आम्हाला निम्म्याहून जास्त मिळाला. त्याला काय झालं होतं, ते मला आजही माहीत नाही. आमच्या भोसरीच्या हजेरीखात्यात शेऱ्याच्या रकान्यात आम्ही आजाराचं नाव लिहायचो, 'टीबी', 'मूळव्याध', 'गर्भपात', आणि ते रजिस्टर टाइमकीपरच्या टेबलावर उघडं पडलेलं असायचं. त्या मार्चपासून ते लिहिणं बंद केलं. नुसतं 'आजारी' पुरतं.

जर्मनीचं सगळं छान आणि आपलं सगळं वाईट, असं मला म्हणायचं नाही. तिथल्या कागदांनी आम्हाला मेटाकुटीला आणलं. आमचा हा माणूसच पगारचिठ्ठी पाहून दर वर्षी वैतागायचा, की एवढे पैसे भरून म्हातारपणी पेन्शन पुरेल याची खात्री कुठे आहे. पण त्याच्या वैतागातही एक गोष्ट त्याला पक्की माहीत होती: कापलेले पैसे पोचले आहेत. आमच्या कामगारांना ही खात्री नसायची, आणि ती नसण्याचं कारण आम्ही होतो.

भोसरीत बदल करणं जास्त अवघड गेलं. मूळ पगार कमी दाखवायचा आणि बाकी भत्त्यांत टाकायचा, म्हणजे पीएफ कमी बसतो. ही वसाहतीतली जुनी रीत आम्हीही पाळत होतो. २०१८च्या एप्रिलपासून भत्ते मूळ पगारात मिळवायचं ठरवलं. मला वाटलं, कामगार खूश होतील. उलट झालं. जेवणाच्या सुट्टीत दहा-बारा जण आले. "मॅडम, बारा टक्के जास्त कापलं तर हातात काय येणार? आमचं घर हातातल्या पैशावर चालतं." त्यांचं बरोबर होतं. पंधरा वर्षांनंतरची ठेव दाखवून या महिन्याचं घरभाडं भागत नाही. शेवटी हातात येणारा आकडा घटणार नाही एवढी पगारवाढ आम्ही दिली. त्या वर्षी नफा जवळजवळ उरला नाही, आणि दिरांशी माझं चांगलंच वाजलं. २८ फेब्रुवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते पीएफसाठी मूळ पगारातच धरायचे. तेव्हा वसाहतीत धावपळ उडाली. आमची आधीच होऊन गेली होती.

ठेकेदाराच्या माणसांचंही तेच. पॅकिंग आणि साफसफाईची बारा माणसं त्याच्याकडून येत. त्यांचा पीएफ तो भरतो, असं आम्ही धरून चालायचो. आता चलन आणि त्यातली प्रत्येकाच्या नावासमोरची रक्कम पाहिल्याशिवाय त्याचं बिल निघत नाही. पहिल्या महिन्यात बारापैकी पाच नावं चलनात नव्हती. ठेकेदार बदलला.

दरम्यान आम्ही पुण्याचा एक मुलगाही दोन वर्षांसाठी तिकडे पाठवला. भारत आणि जर्मनीचा सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७पासून लागू झाला आहे. त्याखाली भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाचं प्रमाणपत्र घेतलं, की ४८ महिन्यांपर्यंत पीएफ इथेच चालू राहतो आणि तिथले पेन्शनचे हप्ते लागत नाहीत. पगार मात्र तिथल्या माणसाच्या बरोबरीचा द्यावा लागतो. इकडच्या पगारावर माणूस तिकडे राबवता येत नाही. त्याची आई भेटायला आली तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "हातात किती पडणार?" मी आकडा सांगितला. मग तिला तिच्या मुलाचं पीएफ पासबुक उघडून दाखवलं, प्रत्येक महिन्याची नोंद, तारखेसकट. तिनं चष्मा लावून सगळ्या ओळी पाहिल्या.

परदेशात माणूस नेमण्याच्या विचारात असलेले भोसरी-चाकणचे बरेच उद्योजक मला विचारतात, की वकील कोण, करसल्लागार कोण, खर्च किती. ते सगळं मी सांगते. त्याबरोबर एवढंही सांगते: जाहिरात देण्याआधी तीन महिन्यांचे पगार आणि हप्ते तिथल्या खात्यात टाका. आणि विमानात बसण्याआधी एकदा आपल्याच कारखान्याची पीएफची चलनं काढून, नावावर नाव ठेवून तपासा.